नजर खाली घालायची नाही

आमच्या घरात सुटीचा एकच अर्थ मान्य आहे, आणि तो आमच्या ह्यांचा. सुटी म्हणजे उशिरा उठायचं, पोटभर खायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि संध्याकाळी "काय थकलो बाप्पा" म्हणायचं. म्हणून नागझिऱ्याला दोन रात्री मुक्कामाला जायचं मी ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी तेच तयार झाले. डोंगर, जंगल, तळं, मोबाइलला रेंज नाही. त्यांनी तर उशीसुद्धा घरची घेतली. मला आरामाला जायचंच नव्हतं. मला माझ्या मायला वाघ दाखवायचा होता, आणि तिच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर दाखवायचा होता.

मायला काचबिंदू आहे. गावात जो तो म्हणतो, मोतिबिंदू असेल, ऑपरेशन करून टाका, झालं. पण हा तसा नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाच्या थेंबांनी सांभाळायची, जितकी सांभाळली जाईल तितकी. मायची बाजूची नजर गेली आहे, समोरचं तेवढं दिसतं. ती म्हणते, "फुकणीतून पाह्यल्यावानी दिसते वो." चुलीत फुंकायची फुकणी डोळ्याला लावा आणि घरात फिरून बघा, म्हणजे कळेल. दाराची चौकट दिसत नाही, खांदा आपटतो. हाताशी ठेवलेला चहा सांडतो. आणि ही फुकणीही दिवसेंदिवस बारीक होत जाणार होती. मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून रडून घेतलं, नळावर तोंड धुतलं आणि आत जाऊन तिला सगळं खरं सांगून टाकलं. लपवून काय करणार? डोळे तिचे.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग मीच विचारलं, "माय, तुले काही पाहाचं राह्यलं काय? सांग. कुठीबी नेईन."

सोबत माझा धाकटा भाऊ होता. सानगडीकडे आमचं गाव आहे, तिथं तो धानाची शेती करतो आणि माय त्याच्याकडेच असते. तो म्हणाला, "बोधगयेले नेऊ. तुही लय दिवसाची इच्छा हाये."

माय म्हणाली, "वंदना त डोरे मिटूनच करा लागते बाबू. तठी मी मंगबी जाईन. मले मोठा पाहाचा हाये."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

मोठा म्हणजे वाघ. आमचं गाव जंगलाला लागून आहे आणि तिथं वाघाला वाघ म्हणत नाहीत, मोठा म्हणतात. आणि मोठ्याला बघत नाहीत. आमच्या घरात देव नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. सकाळ-संध्याकाळ वंदना, बस्स. बाबांनी असलं सगळं कधीच हद्दपार केलं होतं. पण ही एक रीत राहिली, कारण ती देवाची नव्हती, जंगलाची होती. वाटेत मोठा आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, उभं राहायचं. नजर पायाशी घालायची आणि हळू म्हणायचं, "जा बाप्पा, आपल्या वाटेनं जा." त्याच्या डोळ्यांत बघणं म्हणजे त्याची वाट अडवणं. लहानपणी शेतातून घरी येताना नाल्यापाशी झाडी दाट व्हायची. तिथं पोचलो की माय रोज म्हणायची, "नजर खाली." आम्ही बहीणभाऊ माना खाली घालून नाला ओलांडायचो. मोठा कधी भेटला नाही, पण मान रोज खाली गेली.

मायला मात्र तो एकदा भेटला होता. नवी नवरी असताना. चैत्रात मोहफुलं पडतात, ती उजाडायच्या आत वेचावी लागतात. सासू, माय आणि गावातल्या बाया मिळून डोंगरावर गेल्या होत्या. माय झाडाखाली वाकून फुलं वेचत होती आणि मागून पाला वाजला. सासू म्हणाली, "नजर खाली." सगळ्या उभ्या राहिल्या, टोपल्या पायाशी, माना पायाशी. तो त्यांच्या मधून निघून गेला. ही गोठ, म्हणजे गोष्ट, मायनं आम्हांला कितीदा सांगितली असेल. दर वेळी ती पाल्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायची. माणसाच्या पायाखाली पाला चुरचुरतो, ह्याच्या पायाखाली नुसता दबतो, मग थांबतो, मग पुन्हा दबतो. आणि गोठ संपली की म्हणायची, "इतक्या जवरून गेला, आन मी आपल्या पायाची बोटं पाहून राहिली होती." हे ती हसत म्हणायची, म्हणून आम्हीही हसायचो. त्या दिवशी दवाखान्यात ती हसली नाही.

भावानं घरी आल्यावर कटकट सुरू केली. "ताई, तिचं वय पाय. जिप्सीत हाडं खिळखिळी होतीन. आन मोठा काय आपला नोकर हाये? दिसला नाही त माय अजून खचन. कायले तिले आशा लावून राहिली?"

मला असा संताप आला! म्हटलं, "आशा मी नाही लावली, तिनं स्वतः सांगितलं. पन्नास वर्षं तुमच्यासाठी राबली, कधी काही मागितलं का? आज मागते आहे तर तुझ्या पोटात गोळा कशाला? तू येऊ नको. मी नेईन." तो चिडून वावरात निघून गेला. जायच्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यात आधी तोच गाडीत बसलेला. मांडीवर मायसाठी चिन्नोर तांदळाची थैली, कारण दुसऱ्या तांदळाचा भात तिच्या घशाखाली उतरत नाही.

साकोलीला थांबून मायसाठी नव्या स्लीपर घेतल्या, माझ्या मुलीनं आजीला एक टोपी घेतली, ह्यांनी मुरमुऱ्याचा मोठा पुडा घेतला. डोळ्यांचं औषध मी ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं, कारण ते तापलं तर उपयोग नाही. मुक्कामाची जागा जंगलाच्या गेटाबाहेर होती. कौलारू खोल्या, पुढे अंगण, मागे डोंगर, आणि हवेत मोहाचा वास. मायनं गाडीतून उतरताच मान वर करून वास घेतला आणि म्हणाली, "मोह पडून राह्यला." झाड तिला दिसलं नव्हतं. आमचे हे तोवर उशी घेऊन खाटेवर पोचले होते.

मी तिथल्या तिथं शिकवणी सुरू केली. मायला समोर बसवलं आणि सांगितलं, "पाय माय, मोठा आला की नजर खाली नाही घालायची. समजलं? मी तुझ्या बाजूला बसणार. तो जिकडे असेल तिकडे मी तुझी हनवटी धरून तोंड फिरवणार. तू फक्त सरळ पाहायचं."

"हाव वो."

"सवयीनं मान खाली जाईल. जाऊ द्यायची नाही."

"हाव म्हनलं ना."

"चल, करून दाखव. मोठा आला!"

मायची मान खाली. मी हनवटी धरून वर केली. पुन्हा म्हटलं, पुन्हा खाली. मुलगी पोट धरून हसायला लागली. ह्यांनी खाटेवरून विचारलं, "ही सुटी आहे की पोलीस भरती?" भाऊ म्हणाला, "मायले सोड ताई, ती काय आता बदलन?" आणि माय स्वतःच इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी मात्र सोडलं नाही. थेंब टाकायला सकाळ-संध्याकाळ तिची हनवटी वर करावीच लागायची. तेव्हाही मी म्हणायचे, "अशीच ठेवायची. मोठा आल्यावर अशीच."

पहिल्या संध्याकाळी आम्हांला चितळ दिसले, मोर दिसले, आणि एक रानगवा दिसला, ज्याच्याकडे मी मायचं तोंड इतक्या जोरात फिरवलं की ती म्हणाली, "मान मोडतं का वो माही?" दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर तासभर थांबलो. पाणी, बगळे, वाळलेली झाडं. दुसऱ्या एका गाडीतल्या लोकांनी हसत सांगितलं की त्यांना आत्ताच मागच्या वळणावर टायगर दिसला, काय मस्त! मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. पहिल्यांदाच आले होते म्हणे, मुंबईहून. पहिल्यांदाच!

आमचा गाइड जवळच्याच गावचा, वयानं माझ्याएवढा. मायचं आणि त्याचं चांगलं जमलं. कोणाच्या घरची, कोणत्या गावची, मोह कोणत्या बाजूला जास्त पडतो, असं दोघांचं सगळा रस्ता चालायचं. मीच मधेमधे म्हणायचे, "भाऊ, गप्पा राहू द्या, वाघाकडे लक्ष ठेवा." मी वाघ म्हटलं की माय चिमटा काढायची, आणि गाइड हसायचा.

दुसऱ्या संध्याकाळीही काही नाही. परत येताना मायला उतरता येईना, कंबर धरली होती. भावानं तिला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. जेवताना ह्यांनी, मायला ते मामीजी म्हणतात, हळूच म्हटलं, "उद्या सकाळी राहू दे. मामीजींना झोपू दे. झाडाखाली बसू, भात खाऊ, निघू. सुटी झाली ना आपली."

मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "तुम्हांला झोपायचं असेल तर झोपा. माय, तू सांग. जमत नसेल तर नाही म्हण. माझ्यासाठी येऊ नको."

माय भाताचा घास कालवत होती. ताटाच्या कडेला वाटी होती ती तिला दिसत नव्हती, बोटांनी चाचपून तिनं ती जवळ ओढली. "कंबर काय, घरी गेल्यावरबी दुखनच हाये," ती म्हणाली. "सकारी उठवजो."

सकाळी सगळेच उठले. हे सुद्धा, उशीसकट. ती उशी मायच्या पाठीशी लावली. मी मायच्या डावीकडे, हे उजवीकडे, मागच्या बाकावर भाऊ आणि माझी मुलगी. उजाडत होतं तेव्हा आम्ही डोंगराच्या चढाला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोह होते, खाली फुलांचा सडा. मायनं सांगितलं, गाडी जरा हळू घ्या. गाइडनं घ्यायला लावली. ती वास घेत बसली, आणि मी सारखी तिच्या हनवटीजवळ हात ठेवून दोन्हीकडची झाडी चाळत होते. हे तोवर पेंगले होते, आणि त्यांच्या हातातल्या पुड्यातून मुरमुरे खाली सांडत होते.

वळणावर वानर ओरडलं, वाघ दिसल्यावर ओरडतं तसं. खोक्. पुन्हा खोक्. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी ते सगळं करायला अगदी तयार होते. मनात पाठ होतं: आधी बघायचं कुठं आहे, मग हनवटी धरायची, मग फिरवायची, मग सरळ ठेवायची. डावीकडच्या नाल्यात गवत हललं. दोन दिवस हा गाइड 'टायगर, टायगर' म्हणत होता, सगळ्या पाहुण्यांना म्हणतो तसं. पण आता तो मायकडे वळला आणि आपल्या बोलीत, आपल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाला, "माय, मोठा."

आणि माझी मान खाली गेली.

खरं सांगते, मी घातली नाही, ती गेली. त्या एका शब्दानं गेली. मला दिसत होत्या मायच्या पायातल्या नव्या स्लीपर, आणि गाडीत सांडलेले मुरमुरे. मी मनात ओरडत होते, अगं वर बघ, भवाने, मायची हनवटी धर, हीच वेळ आहे! मान हलेना. पाला दबल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा दबला. मग मातीवर आला. एक उग्र वास आला. आणि माझे ओठ आपोआप पुटपुटत होते, "जा बाप्पा, आपल्या वाटेनं जा." ज्याच्यासाठी घरादाराशी भांडले, दोन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं, त्यालाच मी जा जा म्हणत होते! बाजूला माय होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, तो जरा वर उचलल्यासारखा वाटला, बस्स. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही.

मग माझ्या हनवटीखाली बोटं आली. खरबरीत, ओळखीची. त्या बोटांनी माझं तोंड वर केलं.

"वर पाय वो पोरी," माय म्हणाली. "गेला तो."

समोर रिकामा रस्ता होता. उजवीकडे झाडीत काही फांद्या हलत होत्या. मी मायचे दोन्ही हात धरले. "माय! तू पाह्यला? माय, सांग ना, तूबी खाली पाहून राह्यली होती काय?"

"मी कायले खाली पाहू? तूच त म्हनली, नजर खाली नाही घालाची. दोन दिवस कान खाल्ले माहे."

"पण मी तुझं तोंड फिरवलं नाही..."

"तुहा हात आलाच नाही. मंग त्याचा पाय वाजला, तिकडं मीच फिरवलं." तिनं तोंडानं तो आवाज काढून दाखवला, नेहमीसारखा. "तोच आवाज, अस्साच. पाह्यला ना मी. अख्खा पाह्यला."

मागून माझी मुलगी एकदम रडत आणि हसत ओरडली, "मम्मी, तू खाली बघत होतीस! आणि मामापण! दोघंही! आजी एकटी सरळ बघत होती!" मी मागे वळून पाहिलं. आमचा भाऊ अजून मान वर करायच्या बेतात होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. ह्यांना म्हणे शेपूट दिसली. "शेपूट नक्की पाहिली," असं ते आजही शपथेवर सांगतात.

गेटापर्यंत माय बोलत राहिली. तोंड परातीएवढं होतं. एका कानाला चीर होती. रंग पिवळा नव्हे, निखाऱ्यावर राख धरायला लागते तसा. पोट लोंबत होतं, म्हातारा असेल बिचारा. रस्त्याच्या मधोमध आला, थांबला, त्यानं मायकडे बघितलं, मायनं त्याच्याकडे बघितलं, मग तो आपल्या वाटेनं गेला. भाऊ मागून विचारत होता, "मिशा होत्या का?" आणि माय म्हणत होती, "होत्या ना, तुह्यापेक्षा चांगल्या." मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा आनंद माझ्या छातीत मावत नव्हता. मला वाघ बघायचा नव्हताच. मला माझ्या मायला दाखवायचा होता, आणि तो तिनं पाहिला होता, माझ्या मदतीशिवाय पाहिला होता.

मुक्कामावर पोचलो तेव्हा तिच्या औषधाची वेळ टळून गेली होती. मी तिला अंगणात खाटेवर बसवलं, डबा उघडला, बाटली काढली. हनवटी धरून वर केली आणि एकेका डोळ्यात थेंब टाकला. थेंब टाकल्यावर डोळे थोडा वेळ मिटून ठेवायचे असतात. एरवी तिला त्याचा कंटाळा येतो, झालं का, झालं का, असं सारखं विचारते. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. वेळ होऊन गेली तरी ती तशीच बसून होती, तोंड वर, डोळे मिटलेले.

मी म्हटलं, "माय, झालं. उघड आता डोळे. काय करून राह्यली?"

"थांब वो जराशी," ती म्हणाली. "पाहून राह्यली."